लहान पुस्तके आणि तुटका वेळ : फोंड्यातील एका वाचन-महिन्याचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण माझ्या वहिनींचे आहे आणि त्यांच्या संमतीने लिहीत आहे. त्या पणजीतील एका सरकारी कार्यालयात नोकरी करतात. आमचे घर फोंड्याजवळ आहे आणि मी येथेच उच्च माध्यमिक विद्यालयात मराठी शिकवतो. ऑक्टोबर २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात वहिनींनी ठरवले की, येणारा नोव्हेंबर महिना फक्त लहान कादंबऱ्यांना आणि ललितेतर, म्हणजे कथा-कादंबरी नसलेल्या, पुस्तकांना द्यायचा. त्याआधीच्या दोन वर्षांत त्यांनी हाती घेतलेल्या चार मोठ्या कादंबऱ्या अर्ध्यावर राहिल्या होत्या आणि त्याची बोच त्यांच्या मनात होती. पुस्तक बारीक असले म्हणजे ते पुरे होईल, हा त्यांचा तर्क मलाही पटला. पुस्तकांची यादी आणि दिवसांची मांडणी आम्ही दोघांनी मिळून केली, त्यामुळे पुढे जी चूक झाली तिच्यात माझा वाटा निम्मा आहे.

यादी दहा पुस्तकांची झाली. लहान कादंबऱ्यांमध्ये व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ आणि जयवंत दळवी यांची ‘चक्र’ ही दोन नावे वहिनींनी स्वतः सांगितली. दळवींचा जन्म आपल्या हडफड्याचा, तरी त्यांचे एकही पुस्तक आपण नीट वाचलेले नाही, याची त्यांना खंत होती. गौरी देशपांडे यांचे ‘एकेक पान गळावया’ हे तीन दीर्घकथांचे पुस्तक मी सुचवले, आणि त्यातली प्रत्येक कथा स्वतंत्र लघुकादंबरीसारखी वाचता येते म्हणून तिन्ही वेगळ्या मोजल्या. सहावी कादंबरी कोणती, हे वाचनालयात गेल्यावर ठरवायचे होते. ललितेतर चार होती : इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’, दुर्गा भागवत यांचे ‘ऋतुचक्र’, गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ आणि सांकवाळचे धर्मानंद कोसंबी यांचे ‘निवेदन’. पणजीत पाटो येथे असलेले कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय बसस्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. १८३२ साली पोर्तुगीज राजवटीत सुरू झालेले हे ग्रंथालय वहिनींच्या येण्याजाण्याच्या वाटेवरच पडते, म्हणून पुस्तके मिळवण्याची अडचण नव्हती.

दहा पुस्तकांची पाने मिळून सुमारे १,७०० होतील, असा अंदाज आम्ही केला. तीस दिवसांनी भागले की रोजची ५७ पाने येतात. ही संख्या आम्हाला फार वाटली नाही, कारण दोघांपैकी कोणीही वहिनींचा वाचनाचा वेग घड्याळ लावून पाहिलेला नव्हता.

दिवसांची मांडणी करताना आम्ही एक सरळ नियम लावला आणि या प्रकरणाचे मर्म त्या नियमातच आहे. कादंबऱ्या ‘हलक्या’, म्हणून त्या बसमध्ये वाचायच्या. ललितेतर पुस्तके ‘जड’, म्हणून त्यांना शनिवार-रविवारची निवांत दुपार द्यायची. कोणालाही विचारले असते तरी त्याने हीच वाटणी सांगितली असती.

पहिले नऊ दिवस

१ तारखेला लक्ष्मीपूजन, २ ला पाडवा, ३ ला भाऊबीज. नरकासुर जाळून झाल्यावर घरात फोवांचे (पोह्यांचे) पाच प्रकार झाले, पाहुणे आले-गेले, आणि पहिल्या तीन दिवसांत वहिनींचे एकही पान वाचून झाले नाही. सण कॅलेंडरवर आम्हाला दिसत होते, तरी यादी करताना आम्ही ते दिवस वजा केले नव्हते. त्यातच दिवाळी अंक घरात आले. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी वाचकाचा हा महिना अंकांच्या नावे लिहिलेला आहे. ज्या घरात दर वर्षी तीन अंक येतात, त्या घरातली नोव्हेंबरची योजना अंकांना जागा न ठेवता करणे ही मोठीच चूक होती.

४ तारखेच्या सोमवारी वहिनींनी ‘बनगरवाडी’ घेऊन फोंड्याच्या स्थानकावर सव्वाआठची बस धरली. फोंडा ते पणजी हे अंतर सुमारे ३० किलोमीटर आहे. फर्मागुडीचा चढ, म्हार्दोळ, मंगेशी, बाणस्तारीचा पूल आणि जुने गोवे या वाटेने तासाभराचा प्रवास होतो. बस फोंड्याहूनच सुटत असल्यामुळे सकाळी खिडकीजवळची जागा मिळते, पण तिकीट काढणे, ओळखीच्या बायकांशी चार शब्द बोलणे आणि उतरण्याची तयारी यांत वीस मिनिटे जातात. प्रत्यक्ष वाचनाला चाळीस मिनिटे उरतात. संध्याकाळी परतताना नोव्हेंबरात सहाच्या सुमाराला अंधार पडतो आणि बसच्या दिव्यात बारीक टाइप दिसत नाही, म्हणून तो तास बाद धरावा लागला.

त्या पाच दिवसांत जे घडले ते वहिनींनी मला शुक्रवारी रात्री सांगितले. माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ ची आहे. माणदेशातल्या एका धनगरवाडीत नव्याने आलेला तरुण मास्तर ती सांगतो आणि तिच्यातली माणसे एकेक करून, गाजावाजा न करता आत येतात. कारभारी येतो, आयबू येतो, आनंदा रामोशी येतो. सोमवारी बाणस्तारीच्या पुलावर मिटलेले पुस्तक मंगळवारी फर्मागुडीला उघडले की, हा माणूस आधी कुठे भेटला होता, हे आठवण्यासाठी वहिनींना दोन-तीन पाने मागे जावे लागे. मध्ये दिवसभराच्या फायली, घरचा स्वयंपाक आणि मुलाचा अभ्यास येऊन गेलेला असे. वाडीतला उजाडतीचा गारठा मनात जमतो न जमतो तोच कंडक्टर ‘पणजी’ म्हणून ओरडे. पाच दिवसांत पुस्तक निम्म्यावरही आले नाही, आणि जे वाचले ते मनात सलग उभे राहिले नाही.

९ तारखेच्या शनिवारी दुपारी, ठरल्याप्रमाणे, त्यांनी ‘युगान्त’ हाती घेतले. १९६७ चे हे पुस्तक महाभारतातल्या व्यक्तींवरच्या स्वतंत्र लेखांचे आहे आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेला आहे. भीष्म, गांधारी आणि कुंती यांच्यावरचे तीन लेख वहिनींनी एकाच बैठकीत वाचले. संध्याकाळी चहाच्या वेळी त्या मला म्हणाल्या, “भावोजी, तीन व्याख्याने एका दमात ऐकल्यासारखे झाले. पहिले ऐकताना मी वाद घालत होते, दुसऱ्याला नुसती मान डोलावली आणि तिसऱ्यातले मला आता काही आठवत नाही.”

या वाक्याने माझे डोळे उघडले.

१० नोव्हेंबरची बैठक

रविवारी सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा वाजून गेल्यावर, पाव आणि चहा समोर ठेवून, आम्ही भिंतीवरचे कालनिर्णय उतरवून टेबलावर पसरले. आधी वेग मोजला. वीस मिनिटांचा गजर लावून वहिनींनी कादंबरीची पाने वाचली, ती ११ झाली. तेवढ्याच वेळात ‘युगान्त’ची ७ झाली. म्हणजे कादंबरीचा वेग तासाला ३३ पाने आणि ललितेतराचा २१ पाने. एवढ्या एका मोजणीने ५७ पानांचा आकडा निकालात निघाला. रोजची चाळीस मिनिटे आणि रात्रीचा जमला तर अर्धा तास, यांत चाळिशीच्या पलीकडे त्या जाऊच शकत नव्हत्या.

परंतु पाने कमी करणे हा उपायाचा लहान भाग होता. मोठा भाग वाटणी उलटी करण्याचा होता, आणि त्यावर आमची बरीच चर्चा झाली. लहान कादंबरी लहान असते याचा अर्थ ती तुकड्यांत वाचावी असा नाही. लेखकाने ती एका श्वासाची म्हणून लिहिलेली असते. पाचशे पानांच्या कादंबरीत पात्राची ओळख विसरली तरी लेखक ती पुन्हा करून देतो, कारण वाचक अनेक दिवस वाचणार हे त्याने धरलेले असते. सव्वाशे-दीडशे पानांत पुन्हा ओळख करून देण्याला जागा नसते. तिथे एक वाक्य एकदाच येते, आणि ते ज्याच्या मनात टिकले नाही त्याच्या हातून पुढची तीस पाने निसटतात. म्हणून तासाला ३३ पाने या वेगाने चार-साडेचार तासांत संपणाऱ्या कादंबरीला ते चार तास एकाच दिवसात, फार तर लागून आलेल्या दोन दिवसांत, मिळाले पाहिजेत.

लेखसंग्रहाचे गणित वेगळे असते. लेख स्वयंपूर्ण असतो आणि त्यात एक प्रश्न असतो. तो प्रश्न वाचकाने काही तास जवळ बाळगणे हाच त्या लेखाच्या वाचनाचा दुसरा अर्धा भाग असतो. सकाळी चाळीस मिनिटे वाचावे, मग आठ तास दुसरेच काम करावे, आणि त्या आठ तासांत प्रश्न मागच्या मागे शिजत राहावा, ही सोय बसने वहिनींना आपण होऊन दिलेली होती. आम्ही ती कादंबरीवर वाया घालवत होतो. ज्याला आम्ही ‘जड’ म्हटले ते थोडे थोडे घेण्याजोगे होते, आणि ज्याला ‘हलके’ म्हटले त्याला सबंध दुपार लागत होती. पुस्तकाची जाडी आणि विषयाचे वजन पाहून वेळ वाटण्यापेक्षा त्याची वीण कशी आहे ते पाहून वाटायला हवा होता, असे माझे मत त्या सकाळी झाले आणि ते अजून बदललेले नाही.

एक अपवाद इथेच नोंदवतो. सगळी ललितेतर पुस्तके लेखांची नसतात. ‘निवेदन’ हे आत्मकथन आहे. बौद्ध धर्माच्या ज्ञानासाठी घर सोडून पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, श्रीलंका अशी वाटचाल केलेल्या माणसाचे ते कथन आहे, आणि त्याला कादंबरीसारखी पुढे ओढ आहे. तरीही ते बसमध्ये चालेल असे मी म्हटले, कारण त्यात आधार एकाच माणसाचा असतो. मुक्काम बदलतात आणि आजूबाजूची माणसे येतात-जातात, पण काल आपण कोणाबरोबर होतो हे आठवावे लागत नाही.

नवी मांडणी तीन ओळींची झाली. ११ ते २९ तारखेपर्यंत प्रवासाचे १५ दिवस होते. त्यांत रोज १४ पानांच्या हिशेबाने ‘युगान्त’, आणि उरल्यास ‘निवेदन’. १६-१७, २३-२४ आणि ३० या सुट्यांमध्ये प्रत्येकी एक लहान कादंबरी, त्यापेक्षा जास्त नाही. रात्रीचा अर्धा तास दिवाळी अंकांचा, आणि त्याचा हिशेब ठेवायचा नाही. बाकी पाच पुस्तकांवर वहिनींनी स्वतःच्या हाताने काट मारली. ती मारताना त्यांचा हात ‘जेव्हा माणूस जागा होतो’पाशी थांबला. वारल्यांच्या लढ्याचे ते पुस्तक आणि ‘बनगरवाडी’ ही जोडी लावण्याचे मीच सुचवले होते, कारण दोन्हींत बाहेरचा माणूस एका वस्तीत जातो आणि वस्ती त्याला घडवते. “पुढच्या वर्षी तरी ही जोडी लावू,” असे त्या म्हणाल्या आणि काट मारली.

उरलेले वीस दिवस

‘युगान्त’ बसमध्ये गेल्याचा परिणाम पहिल्याच आठवड्यात दिसला. पुस्तक वाचनालयाचे असल्यामुळे त्यावर खूण करता येत नव्हती. म्हणून वहिनी ज्या पानावर थांबत तिथे त्या दिवसाचे बसचे तिकीट ठेवत आणि तिकिटाच्या पाठीवर पेन्सिलीने एक ओळ लिहीत. ही तिकिटे मी नंतर पाहिली. विदुर हाच युधिष्ठिराचा पिता असेल का, हा प्रश्न इरावतीबाई ज्या लेखात मांडतात, त्या लेखाच्या तिकिटावर फक्त “मग कुंती गप्प का?” एवढे लिहिलेले होते. त्या रात्री जेवताना वहिनींनी हा विषय काढला आणि आमच्या आईंनी, ज्यांचे महाभारत सगळे देवळातल्या पुराणातून कानावर आलेले आहे, त्याला जोरदार विरोध केला. भाताच्या ताटावर एवढा वाद आमच्या घरात बऱ्याच वर्षांनी झाला. खांडववनाच्या दहनावरचे विवेचन वाचले त्या दिवशी तर वहिनी घरी आल्या त्याच मुळी “आई, त्या रानात राहणाऱ्यांचे काय झाले, हे कीर्तनकार कधी सांगतात का हो?” असे विचारत. गांधारीवरचा लेख त्यांनी बसमध्ये पुन्हा वाचला, आणि शनिवारी मान डोलावून पुढे गेलेल्या त्याच वाचकाला आता त्यात तीन ठिकाणी हरकत घ्यावीशी वाटली.

१३ तारखेला तुळशीचे लग्न, आपल्याकडची व्हडली (मोठी) दिवाळी. उसाची कांडी, चिंचा-आवळ्यांच्या फांद्या, अंगणातले वृंदावन यांत संध्याकाळ गेली. झोपण्यापूर्वी वहिनींनी ‘ऋतुचक्र’ काढले आणि त्यातला फक्त कार्तिकावरचा लेख वाचला. बारा महिन्यांवरच्या लेखांचे हे १९५६ चे पुस्तक सलग संपवण्याची गरजच नाही, ज्या त्या महिन्याचा लेख त्या त्या महिन्यात वाचावा, हे आम्हाला काट मारताना सुचले होते आणि या प्रकरणातली मला सर्वांत समाधान देणारी सुधारणा हीच आहे. पाडव्याला न दिसलेले काही तरी दुसऱ्या दिवशी रस्त्याकडेच्या गवतात दिसले, असे त्यांनी मला बसमधून फोन करून सांगितले.

१६ तारखेची शनिवारची दुपार मी जवळून पाहिली. आदल्या दिवशी, त्रिपुरारी पौर्णिमेला, घरची सगळी मंडळी साखळीला विठ्ठलापूरला वाळवंटीतल्या होड्या पाहायला गेली होती आणि रात्री उशिरा परतली होती, म्हणून दुपारी बहुतेक घर झोपलेले होते. वहिनी दोन वाजता पुढच्या दारच्या सोप्यावर ‘बनगरवाडी’ घेऊन बसल्या. मोबाइल त्यांनी माझ्या हाती दिला. पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा सुरू केले, आधीच्या आठवड्यात वाचलेला भाग मोजला नाही. साडेतीनला मी चहा नेऊन ठेवला, तो पाचला तसाच साय धरलेला परत आणला. साडेपाचला उजेड कमी झाल्यावर त्या न बोलता आत आल्या, दिवा लावला, आणि पुस्तक घेऊन खिडकीजवळ बसल्या. पावणेसातला पुस्तक संपले. दुष्काळात वाडी रिकामी होते तिथे त्या आल्या तेव्हा मी समोरच होतो. त्यांनी पुस्तक मिटले नाही, उघडेच मांडीवर पालथे ठेवले आणि बराच वेळ अंगणाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “तुमच्या दादांना हाक मारा, जेवणाचे बघायला हवे.” त्या सोमवार ते शुक्रवारच्या पाच सकाळी जे साधले नव्हते, ते पावणेपाच तासांत साधले होते.

पुढचा आठवडा इतका सुरळीत गेला नाही. २० तारखेपासून पणजीत चित्रपट महोत्सव सुरू झाला आणि त्यासाठी आलेले एक नातेवाईक आमच्याकडे तीन दिवस राहिले. २३ चा शनिवार त्यात गेला. २४ च्या रात्री उशिरा सुरू केलेली ‘चक्र’ साठ पानांवर थांबली. सोमवारी ती बसमध्ये न्यावी का, असा प्रश्न आला. न्यायची नाही असे आम्ही ठरवले. १९६३ च्या या कादंबरीतली मुंबईची झोपडपट्टी अंगावर येते ती तिच्या सलगपणामुळे, आणि ती चाळीस-चाळीस मिनिटांनी वाचली असती तर पहिल्या नऊ दिवसांतलीच चूक आम्ही पुन्हा केली असती. ती तशीच ठेवून दिली.

उलट बसमधले वाचन या काळात वाढले. २१ तारखेपासून जुने गोवे येथे संत फ्रान्सिस झेवियर यांचे पवित्र शव दर्शनासाठी ठेवले गेले. दर दहा वर्षांनी होणाऱ्या या सोहळ्याच्या गर्दीमुळे सकाळची बस थांबत थांबत जाऊ लागली. बसमधले बाकीचे लोक घड्याळाकडे पाहत होते. वहिनींची मात्र रोजची १४ पाने १८ झाली. ‘युगान्त’ २७ तारखेला संपले, आणि शेवटच्या दोन सकाळी ‘निवेदन’ सुरू झाले. ३० तारखेच्या शनिवारी ‘चक्र’ पहिल्या पानापासून वाचून पुरी झाली.

हिशेब

ठरवलेली पुस्तके दहा. पूर्ण वाचून झालेली तीन : दोन लहान कादंबऱ्या आणि एक ललितेतर. एक पुस्तक सुरू, एका पुस्तकातला एक लेख वाचलेला, दिवाळी अंकांपैकी दीड अंक. संख्येने पाहिले तर हा महिना फसला, असे कोणी म्हणेल. माझे म्हणणे तसे नाही, आणि त्याचे कारण मी तिकिटांवर पाहिले आहे. ११ तारखेनंतर एकही पुस्तक वहिनींनी कंटाळून सोडले नाही, दोन लहान कादंबऱ्या त्यांना आजही प्रसंगानिशी सांगता येतात, आणि ‘युगान्त’मधल्या प्रश्नांवर त्या आईंशी अजून भांडतात. सुरुवातीचे दहा दिवस हातचे गेले नसते तर एखादी कादंबरी आणखी झाली असती, त्याहून जास्त नाही. तीस दिवसांच्या महिन्यात नोकरी आणि घर सांभाळणाऱ्या माणसाला दोन-तीन लहान कादंबऱ्या आणि एक-दीड लेखसंग्रह एवढेच प्रामाणिकपणे वाचता येते. यापेक्षा मोठी यादी मी यापुढे कोणालाही करून देणार नाही.

दोन गोष्टी आम्ही कमी लेखल्या होत्या, त्या वेगळ्या सांगायला हव्यात. एक म्हणजे लहान कादंबरीनंतरचा रिकामा दिवस. ‘बनगरवाडी’ संपल्यावर १७ चा रविवार वहिनींनी काहीच वाचले नाही, त्यांना वाचवेना, आणि मांडणीत तो दिवस मोकळा होता म्हणून काही बिघडले नाही. पहिल्या यादीत त्या दिवसाच्या डोक्यावर दुसरे पुस्तक बसले असते. दुसरी म्हणजे घरातली माणसे. वहिनींना चार सलग तास मिळाले ते दादांनी त्या दुपारी मुलाला मैदानावर नेले म्हणून. हे आधी मागून घ्यावे लागते, आणि बाईच्या बाबतीत ते आपोआप कधीच मिळत नाही.

डिसेंबरचे पान उलटल्यावर वहिनींनी त्यावर तीनच खुणा केल्या. बसच्या दिवसांवर ‘निवेदन’. महिना बदलल्यावर ‘ऋतुचक्र’मधला मार्गशीर्षाचा लेख. आणि १९ तारखेच्या गुरुवारभोवती, मुक्तिदिनाच्या सुट्टीभोवती, पेन्सिलीचे एक गोल वर्तुळ, ज्यात ‘एकेक पान गळावया’ एवढेच लिहिलेले आहे आणि खाली, दादांना दिसेल अशा मोठ्या अक्षरात, ‘दुपारी २ ते ६’.